वर्षभरानंतरचा पाय



अध्यक्षानं आपल्या शाखेचा इतिहास सांगावा, सरकारकडे दोन-चार मागण्या कराव्यात आणि टाळ्या घेऊन खाली बसावं, अशी आपल्याकडची रीत आहे. इतिहास मी लगेच उरकतो. रक्तवाहिनी रक्तवाहिनीला कशी शिवायची हे अलेक्सिस कॅरेलनं दाखवलं, त्याला १९१२ साली नोबेल मिळालं. जाँ क्युनलाँनं १९४८ साली पॅरिसमध्ये रुग्णाच्याच मांडीतली शीर काढून पायाचा पहिला बायपास केला. थॉमस फोगार्टीचं फुग्याचं कॅथेटर १९६३ साली छापून आलं आणि गुठळी काढण्याचं काम एवढंसं होऊन गेलं. मागण्या तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मला बोलायचंय ते ऑपरेशन झाल्यानंतरच्या पायाबद्दल. म्हणजे डिस्चार्ज कार्डावर सही झाली, नातेवाइकांनी औषधाची पिशवी उचलली, गाडी दर्यापूरच्या नाहीतर पातूरच्या रस्त्याला लागली, त्यानंतरच्या पायाबद्दल.

आपल्याकडे येतो तो पाय कोणाचा, हे आधी बघू. मधुमेही माणूस, करंगळी काळी पडून पंधरा दिवस झालेले, तोवर गावात हळद आणि मलमपट्टी चाललेली. चाळिशी न गाठलेला, बिडी ओढणारा किंवा दिवसभर गालात खर्रा ठेवणारा, रात्री पाय खाटेखाली सोडून बसल्याशिवाय ज्याला झोप नाही असा बर्जर रोगाचा रुग्ण. सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रात सापडलेला हात. दुचाकीवरून पडून गुडघा निखळलेला आणि त्यामागची धमनी तुटलेला पोरगा, जो धारणीहून निघतो तेव्हाच पाय वाचवायला मिळणाऱ्या सहा तासांतले दोन-तीन सरलेले असतात. आणि डायलिसिससाठी फिस्टुला करून घ्यायला आलेले, दर महिन्याला वाढत चाललेले रुग्ण. ही यादी लंडन-बोस्टनची नाही. ती वऱ्हाडची आहे, आणि तिचा हिशेबही वऱ्हाडालाच ठेवावा लागेल.

मागच्या पावसाळ्यात आमच्या युनिटमधल्या एका रेसिडेंट मुलीला मी जुन्या बायपासच्या रुग्णांना फोन लावायला बसवलं. एका फाइलवरचा नंबर लागला तो रुग्णाच्या पुतण्याला. तो चाकणला कंपनीत. काकाचं ऑपरेशन झालं एवढंच त्याला माहीत, पुढचं काही नाही. मुलगी चिकट. तिनं गावच्या आशाताईंचा नंबर मिळवला. संध्याकाळी ताई त्या घरी गेल्या आणि फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला. "पाय हाये जी. पन वावरात जाता येत नाही. जांघेतली जखम दिवाळीपावतर वाह्यत होती." फाइलमध्ये शेवटची ओळ होती: जखम कोरडी, टाके काढले, बायपास चालू. कोणत्याही शोधनिबंधात हा पाय 'यशस्वी, गुंतागुंत नाही' या रकान्यात गेला असता. फाइलमधलं वाक्य खोटं नव्हतं. ते ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसापुरतं खरं होतं.

आपल्या शास्त्राचीच साक्ष काढतो. शिरेचा ग्राफ्ट बंद पडतो तो साधारण तीन टप्प्यांत. पहिल्या महिन्यात बंद पडला तर दोष बहुधा तंत्राचा: जोड अरुंद झाला, शीर पिळली गेली, खालचा रक्तप्रवाह आधीच पुरेसा नव्हता. महिन्यानंतर दोन वर्षांपर्यंत ग्राफ्टच्या आतलं अस्तर जाड होत जातं आणि मार्ग आवळतो. त्यापुढे मूळ आजारच धमन्यांत सरकत जातो. आता सांगा, आपली नोंद डिस्चार्जला संपत असेल, तर या तिन्हींपैकी आपल्याला काय दिसतं? पहिल्या टप्प्याचा अर्धामुर्धा तुकडा. दुसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे डॉपलरनं अरुंद जागा वेळेवर सापडली तर ग्राफ्ट वाचवता येतो. तोच आपल्या नजरेआड, गावात घडतो.

फॉलोअपच्या आकड्यांबद्दल एक साधं गणित मांडतो, आकडे काल्पनिक आहेत. समजा शंभर पायांवर बायपास केला. वर्षानं साठ जण दाखवायला आले आणि त्यांतल्या चौपन्न जणांचा पाय शाबूत आहे. संमेलनात स्लाइड येते: नव्वद टक्के यश. उरलेल्या चाळिसांचं काय? सगळे पाय गेले असतील तर यश चौपन्न टक्के, सगळे वाचले असतील तर चौऱ्याण्णव. खरं उत्तर यांच्यामध्ये कुठेही असू शकतं. आणि न येणारे सरसकट एकसारखे नसतात. ठणठणीत माणूस भाड्याचे पैसे खर्चून येत नाही. पाय गेलेला माणूस येऊन काय दाखवणार? मेलेला तर येतच नाही. चाळीस टक्के रुग्ण हरवलेली स्लाइड पाहून मी टाळी वाजवणं कधीच सोडलंय. माझा हा स्वभाव काहींना खटकतो, त्याला इलाज नाही.

वाट पाहिली तर उत्तर कसं बदलतं, याचा नमुना ब्रिटनमधल्या 'बेसिल' चाचणीत आहे. २७ रुग्णालयं, ४५२ रुग्ण, बायपास आधी की अँजिओप्लास्टी आधी हा प्रश्न. २००५ साली निष्कर्ष छापून आले. पहिली दोन वर्षं दोन्ही बाजू जवळपास सारख्याच होत्या. दोन वर्षांपलीकडे जगलेल्यांत मात्र पारडं बायपासकडे झुकलं. मग २०२२ साली 'बेस्ट-सीएलआय' आली, १,८३० रुग्णांची. चांगली लांब शीर असेल तर शस्त्रक्रिया सरस, असं तिनं सांगितलं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'बेसिल-२' नं गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी, ३४५ रुग्णांवरून, नेमकं उलट सांगितलं: आधी अँजिओप्लास्टी केलेली बरी. दोन्ही चाचण्या प्रामाणिक आहेत. पण दोन्हींत भारतातलं एकही केंद्र नाही. त्यांचा रुग्ण पासष्टी-सत्तरीचा, आपला कित्येकदा पस्तिशीचा. तेव्हा यातली कोणती चाचणी मूर्तिजापूरच्या रुग्णाला लागू करायची, यावर आपण चहाच्या वेळी हमरीतुमरीवर येतो ते मला मजेशीर वाटतं. आपल्या पायांचा आकडा दोघांकडेही नसतो.

बर्जरच्या रुग्णाचं तर सगळंच वेगळं. क्लीव्हलँडच्या ११२ रुग्णांचा १९९० साली छापलेला अभ्यास जुना झाला, पण अजून तो उलटवता आलेला नाही. गँग्रीन होण्याआधी ज्यांनी तंबाखू सोडली, त्यांच्यातल्या ९४ टक्क्यांचा अवयव वाचला. जे ओढत राहिले, त्यांच्यातल्या ४३ टक्क्यांना निदान एकदा तरी अवयव कापून घ्यावा लागला. आपण लंबर सिंपथेक्टॉमी वर्षानुवर्षं करत आलो. दुखणं कमी होतं, काहींच्या जखमा भरतात, पण पाय वाचतो असा भक्कम पुरावा नाही. मग या रुग्णाच्या कार्डावर ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी खर्रा चालू आहे की बंद, एवढा रकाना तरी आपण ठेवतो का? त्याच्या बाबतीत खर्रा परत सुरू होणं हीच सगळ्यात मोठी गुंतागुंत आहे, आणि गुंतागुंतीच्या कोणत्याही छापील यादीत ती नसते.

फिस्टुलाचा विषय मी मुद्दाम थोडा सविस्तर घेतो, कारण त्यात आपल्याच जमिनीवरचा एक प्रश्न पडून आहे. सिमिनो आणि ब्रेशिया यांनी मनगटातला फिस्टुला १९६६ साली मांडला. अजून त्याहून बरं काही निघालेलं नाही. शिवणं अवघड नसतं. यश ठरतं ते सहा-आठ आठवड्यांनी, शीर फुगते का, त्यात सुई बसते का, मशीन पूर्ण वेळ चालतं का यावर. आमचे रुग्ण सकाळी उठल्या उठल्या दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर ठेवून बघतात. आत घरघर लागली की चहा घेतात. एक दिवस ती घरघर थांबलेली असते. पूर्णा काठच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे रुग्ण आणि तिथलं पाणी यांचा संबंध किती, हा मोठा आणि वादाचा विषय आहे, त्यात मी आज शिरत नाही. मला विचारायचंय ते छोटं आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं, वरून डायलिसिसनं आणखी काढलेलं, रक्तदाब खाली, अशा वेळी फिस्टुला गोठू शकतो हे आपल्याला ठाऊक आहे. इथे बसलेल्या अनेकांना वाटतं की उन्हाळ्यात आपल्याकडे फिस्टुले जास्त बंद पडतात. मलाही वाटतं. पण हे नुसतं वाटणं आहे. अमरावती-अकोल्याच्या डायलिसिस केंद्रांनी बंद पडलेल्या प्रत्येक फिस्टुल्याची तारीख आणि त्या दिवशीचं डायलिसिसनंतरचं बीपी तीन उन्हाळे लिहून ठेवलं, तर उत्तर मिळेल. यासाठी कोणाचं अनुदान लागत नाही. हा प्रश्न ऑक्सफर्डला सुटणार नाही, तिथे असा मे महिना येत नाही.

'नोंद ठेवायला माणसं कुठे आहेत?' हे मी ऐकत आलोय. त्यावर विदर्भातलंच उदाहरण देतो. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू मोजला. तुलनेला ४७ गावं घेतली. गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. मोबाइल नव्हते तेव्हाची ही गोष्ट. ज्या विदर्भात जंगलातल्या गावातलं बाळ मोजलं गेलं, त्या विदर्भात आपण बायपास केलेला माणूस हरवून बसतो. अमरावतीच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांची काळजी घ्यायला सुरुवात केली. ती काळजी डिस्चार्जच्या तारखेला संपणारी नव्हतीच.

आणि कागद आपण भरत नाही असंही नाही. आजची महात्मा फुले योजना जीवनदायीच्या नावानं २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत अमरावती होता. क्लेमसाठी फोटो, तपासण्या, डिस्चार्जचा कागद, सगळं अपलोड होतं. डिस्चार्जनंतर दहा दिवसांचा फॉलोअप पॅकेजमध्ये धरलेला असतो. अकराव्या दिवसाचं कोणी विचारत नाही. जाता जाता: २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज विक्रम झाला. मिनिटासकट नोंद आहे. त्या रस्त्यानं ॲम्ब्युलन्समधून आलेल्या पायाला रक्तपुरवठा पुन्हा सुरू व्हायला किती तास लागले, हे मात्र निम्म्या केसपेपरवर सापडणार नाही.

खरी अडचण भीतीची आहे, आणि ती खोटी नाही. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमननं प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवलं आणि वर्षानं निकाल तपासला. १९११ ते १९१६ या काळात त्याच्या छोट्या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांत १२३ चुका झाल्या, असं त्यानं स्वतःच छापलं. सहकाऱ्यांनी त्याला वाळीत टाकलं. आपल्याकडे तर नातेवाइकांचा जमाव, कोर्टाची नोटीस आणि समोरच्या गल्लीतला प्रतिस्पर्धी असा तिहेरी धाक आहे. शिवाय आकडे उघडे झाले की अवघड पाय नाकारले जातात, हाही धोका आहे. मेळघाटातून चौथ्या दिवशी आलेला कुजका पाय जो सर्जन हातात घेतो, त्याचे आकडे वाईटच दिसणार. म्हणून सर्जनच्या नावासकट यादी छापायला माझा ठाम विरोध आहे. पाय कोणत्या अवस्थेत आला ते आधी लिहायचं: जखम किती, रक्तपुरवठा किती, संसर्ग किती. २०१४ पासून जगभर हीच त्रिसूत्री वापरात आहे. मग तुलना सारख्याची सारख्याशी. आणि पाय कापला म्हणजे सर्जन हरला, हेही आपण डोक्यातून काढून टाकू. गुडघ्याखाली नीट कापलेला आणि वेळेवर कृत्रिम पाय बसवलेला माणूस वावरात जाऊ शकतो. तीन वेळा वाचवलेला आणि वर्षभर वाहणारा पाय घेऊन बसलेला जाऊ शकत नाही.

नोंद एका पानाची असावी, दोन पानं झाली की कोणी भरत नाही. नाव फाइलमध्येच राहील, पानावर फक्त क्रमांक. फोन नंबर तीन घ्यायचे: रुग्णाचा, घरात राहणाऱ्या माणसाचा आणि गावच्या आशाताईंचा. चाकणच्या पुतण्याचा चालणार नाही. तिसाव्या दिवशी आणि वर्षानं तेच चार प्रश्न: माणूस आहे का, पाय आहे का, जखम भरली का, कामावर जातो का. बर्जर असेल तर पाचवा, खर्रा-बिडीचा. फोन रेसिडेंट करतील, पण रकाना रिकामा राहिला तर जाब युनिटच्या प्रमुखाला विचारायचा. नाहीतर हे काम सगळ्यात ज्युनियर मुलाच्या गळ्यात पडेल आणि मार्चमध्ये परीक्षा आली की बंद होईल.

हे पान तुमच्या किटमध्ये, कार्यक्रमपत्रिकेच्या मागे ठेवलं आहे. अमरावती आणि अकोल्याच्या सहकाऱ्यांनी येत्या महिन्यापासून ते भरायचं ठरवलं आहे. बुलढाणा, वाशीम, यवतमाळकरांनी जेवणाआधी सांगावं. आणखी एक बदल. मृत्यू आणि गुंतागुंतीचं सत्र दरवर्षी शेवटच्या दिवशी, लोक गाड्या गाठायला निघाल्यावर व्हायचं. ते या वर्षी आत्ता, याच सभागृहात, पहिलं ठेवलं आहे. तिथे फोटो काढायचे नाहीत, रेकॉर्डिंग करायचं नाही, आणि पहिली केस ज्येष्ठांनीच मांडायची. ती माझ्या युनिटची आहे. स्लाइड लावायला पाच मिनिटं लागतील, तेवढ्यात चहा घेऊन या.