संगणकाची प्रणाली : मालकीची की मुक्त?

(लिंबागणेश येथील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर वाचन, गणनक्रिया आणि उपस्थिती हे नित्याचे विषय आहेतच. मजकडे आलेला विषय त्या मानाने परका वाटण्याचा संभव आहे. शाळेतील संगणकावर कोणती कार्यकारी प्रणाली असावी, मालकीची की मुक्तस्रोत, असा तो विषय आहे. हा प्रश्न यंत्रज्ञांचा आहे, आपण त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु शाळेत कोणते साधन आणावयाचे, ते किती वर्षे टिकवावयाचे आणि त्यायोगे मुलांच्या मनावर कोणता संस्कार करावयाचा, हे ठरविणे शिक्षकाचेच काम आहे. फळा कोणत्या भिंतीवर लावावा हे आपण सुतारावर सोडीत नाही. तीच गोष्ट येथेही लागू आहे.

प्रथम कार्यकारी प्रणाली म्हणजे काय, ते स्पष्ट करून घेऊ. शाळेत मुख्याध्यापक असतात. कोणता वर्ग कोणत्या खोलीत बसेल, कोणता तास कोणी घ्यावयाचा, प्रयोगसाहित्य कोणास केव्हा मिळेल, याची व्यवस्था ते लावतात. संगणकात हेच काम कार्यकारी प्रणाली करते. स्मृतीतील जागा, कळफलक, पडदा, छपाईयंत्र यांची वाटणी तिच्या हाती असते. विंडोज ही अशी एक प्रणाली आहे, लिनक्स ही दुसरी.

या दोहोंत मुख्य भेद आहे तो मूळ संहितेचा. प्रणाली ज्या आज्ञांनी लिहिलेली असते त्या आज्ञांच्या मूळ लेखास सोर्स कोड म्हणतात. विंडोजची ही संहिता तिच्या मालक कंपनीपाशी असते. ग्राहकास मिळतो तो ठराविक अटींवर ती वापरण्याचा परवाना. लिनक्सची संहिता सर्वांस खुली आहे. ती कोणीही वाचावी, तीत दुरुस्ती करावी, तिच्या प्रती काढाव्या आणि इतरांस द्याव्या, अशी तिच्या परवान्यातच मुभा आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने अशा मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून तो लोकांपुढे ठेवला. पुढे जगभरच्या सहस्रावधी लोकांनी त्यात भर घातली. येथे 'मुक्त' आणि 'फुकट' या दोन शब्दांची गल्लत होऊ देऊ नये. लिनक्स बहुधा विनामूल्य मिळते हे खरे, तथापि तिचे खरे मोल तिच्या वापरातील मोकळिकीत आहे.

आपल्या भागातील उदाहरण घ्यावयाचे तर बियाण्याचे घेता येईल. गावरान ज्वारीचे बी शेतकरी आपल्या घरी राखतो, पुढील वर्षी पेरतो, शेजाऱ्याने मागितले तर पायलीभर देतो. संकरित कपाशीचे बी मात्र दर हंगामास दुकानातून आणावे लागते. कपाशी लावणारा शेतकरी काही चूक करतो असे नव्हे. त्या बियाण्यामागेही कोणाचे श्रम आहेत आणि त्याचे मोल देणे रास्तच आहे. परंतु आपल्या कणगीत आपले बी असणे आणि दर वर्षी दुकानदाराच्या दाराशी उभे राहणे, यांतील अंतर बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलास समजावून सांगावे लागत नाही.

हा विषय आजच का निघाला, असे आपण विचाराल. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिच्या नियमित विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. मुदतवाढीची योजना आहे, पण तीही काही काळापुरतीच. पुढील विंडोज ११ या प्रणालीस किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, त्याखेरीज टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. लोकवर्गणीतून अथवा एखाद्या योजनेतून आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले पुष्कळसे संगणक या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पडदा लागतो, कळा चालतात. तरी ते कालबाह्य ठरते. अशा यंत्राचे काय करावयाचे? डेडस्टॉक रजिस्टरात निर्लेखनाची नोंद करून ते अडगळीत टाकावयाचे, की त्यास आणखी काही वर्षे कामास लावावयाचे? लिनक्स मिंटसारखी प्रणाली २ जीबी स्मृतीच्या संगणकावरही चालते, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. ज्या खेड्याने ज्वारीचे पैसे येताच शाळेसाठी वर्गणी दिली, त्याच्या पैशाचा हिशेब आपण या दृष्टीने ठेविला पाहिजे.

दुसरी गोष्ट थोडी अप्रिय आहे, पण शिक्षकांच्या सभेत ती बोलली पाहिजे. मालकीच्या प्रणालीची विनापरवाना प्रत संगणकावर घालून देणारे दुरुस्तीवाले कोठेही भेटतात. 'सर, पैसे कशाला घालवता?' असे म्हणून ते काम उरकतात. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ६३ ख अन्वये संगणकीय आज्ञावलीची अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा अपराध आहे. त्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायद्याचे भय बाजूस ठेवले तरी प्रश्न उरतोच. परिपाठात प्रामाणिकपणाची गोष्ट सांगावयाची आणि त्याच खोलीत चोरीच्या प्रतीवर मुलांस अक्षरे टंकावयास लावावयाची, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. परवाना घ्यावयाचा असेल तर मोल देऊन रीतसर घ्यावा. मोल परवडत नसेल तर मुक्त प्रणाली घ्यावी. या दोन सरळ वाटा उपलब्ध असताना तिसऱ्या आडवाटेने जाण्याचे कारण नाही.

ही वाट नवी अथवा धाडसाची आहे असे समजू नये. आपल्या शेजारच्या गोव्यात दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशांतील वापरलेले संगणक आणून ते लिनक्ससह शाळांना देण्याचा प्रयत्न झाला. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील धनगरवाड्यावर २००७ साली एकशिक्षकी शाळेतील मुलांच्या हाती लहान लॅपटॉप दिले गेले; त्यांची प्रणाली लिनक्सवरच उभारलेली होती. सर्वांत मोठे उदाहरण केरळचे आहे. तेथे २००१ साली शाळांसाठी माहिती तंत्रज्ञानाचा प्रकल्प निघाला आणि काही वर्षांतच तो मुक्त प्रणालीवर आला. शालान्त परीक्षेची संगणक-प्रात्यक्षिकेही तेथे त्याच प्रणालीवर घेतली जातात. हे साधले ते शिक्षकांच्या जोरावर. शिक्षकांनीच प्रशिक्षण घेतले, इतर शिक्षकांस दिले आणि अडचण आली तेव्हा एकमेकांस विचारून सोडविली.

किंबहुना आपणही मुक्तस्रोताशी अपरिचित नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड भ्रमणध्वनी आहे, त्याचा गाभा लिनक्सचा आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेला 'दीक्षा' हा मंच, ज्यातील पाठ आपण पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेतावरून मुलांस दाखवितो, तो 'सनबर्ड' या मुक्तस्रोत आज्ञावलीवर उभा आहे. केंद्र सरकारनेही २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोतास प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले.

मराठीच्या बाबतीत तर या प्रश्नाचा आपण सर्वांनी अनुभव घेतला आहे. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटात टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसत. प्रत्येक फाँटाचे संकेत निराळे असल्याने तो फाँट नसलेल्या यंत्रास मराठी वाचताच येत नसे. म्हणजे मजकूर आपला, भाषा आपली, पण कुलूप दुसऱ्याचे. युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीने ते कुलूप उघडले. आता इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' यासारखे सुरेख फाँट मुक्त परवान्याने मिळतात. लिबरऑफिस ही लेखन व हिशेबाची आज्ञावली मराठी सूचनांसह वापरता येते. सर्वांस खुला असलेला संकेत स्वीकारल्याने काय लाभते, याचा पाठ आपल्या मातृभाषेनेच आपणांस दिला आहे.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. काही छपाईयंत्रे आणि काही डिजिटल स्वाक्षरीची साधने लिनक्सवर सहजासहजी चालत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी लिनक्स जाणणारा दुरुस्तीवाला शोधावा लागतो. नोकरीच्या जाहिरातींत व खासगी वर्गांत विंडोजचाच बोलबाला आहे, तेव्हा मुलांचे नुकसान होईल काय, अशी शंका पालक घेतील. या शंका रास्त आहेत. म्हणून कार्यालयीन कामाचा संगणक रीतसर परवान्याच्या विंडोजवर ठेवणे एखाद्या शाळेस सोयीचे वाटल्यास त्यात काही वावगे नाही. मुलांविषयीच्या शंकेस मात्र माझे उत्तर असे आहे : प्राथमिक शाळेत मूल जे शिकते ते टंकन, चित्र, कोष्टक, माहितीचा शोध आणि शिस्त. एका सायकलीवर शिकलेला मुलगा दुसरी सायकलही चालवितो.

माझ्या मते शाळेचे साधन निवडण्याची कसोटी एकच आहे. जे मी शिकवितो ते मुलाच्या हाती घरी नेण्यास देता येईल काय? आपल्या वर्गातील कित्येक मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीस जातात आणि चार-पाच महिने फडावर काढतात. त्यांना आपण पुस्तक देतो, वही देतो. मुक्त आज्ञावलीची प्रतही तशीच देता येते. एखाद्या साखरशाळेतील शिक्षकास, हंगामी वसतिगृहास, किंवा गावातील ज्या घरी जुना संगणक पडून आहे त्या घरास पेन ड्राइव्हवर ती नेऊन देण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मालकीच्या आज्ञावलीचा परवाना ज्या यंत्रासाठी घेतला, त्याच यंत्रापुरता तो सामान्यतः असतो. तो वाटता येत नाही. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्या हाती विद्येचे साधन पोहोचावे, एवढ्यासाठीच जिल्हा परिषदेची शाळा आहे. मग जे वाटता येते तेच साधन तिला अधिक शोभते.

हे काम घाईने करावयाचे नाही. त्याची रीत मी थोडक्यात सांगतो.

१. प्रथम संगणकातील सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या ठिकाणी काढून ठेवावी. यात हयगय करू नये.

२. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. संगणकातील जुनी प्रणाली त्याने पुसली जात नाही. याप्रमाणे प्रोजेक्टर, ध्वनी, इंटरनेट आणि छपाईयंत्र चालते की नाही, ते आठवडाभर पाहावे.

३. अनुभव समाधानकारक असल्यास एकाच संगणकावर ती प्रणाली स्थापित करावी. सर्व संगणक एकदम बदलू नयेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांडून नोंद घ्यावी.

४. मुलांसाठी टक्स पेंट हे चित्रांचे व जीकॉम्प्रिस हे खेळांतून शिकण्याचे साधन घालावे. जेथे इंटरनेट नाही तेथे किविक्सद्वारे मराठी विकिपीडिया संगणकातच साठवून ठेवता येतो.

५. यापुढील सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. प्रणाली कोणतीही असो, हा नियम सर्वांस लागू आहे.

केंद्रातील एका शाळेने हे काम हाती घेतले आणि पुढील परिषदेत आपल्या अडचणी व उपाय मोकळेपणाने मांडले, तरी बाकीच्यांचा मार्ग सुकर होईल.

शेवटी एक स्मरण करून देतो. आपल्याच जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे आद्य कवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० मधील मानला जातो. वेदान्ताचे ज्ञान संस्कृतात होते, तेव्हा ते थोड्यांनाच लाभत असे. मुकुंदराजांनी ते मराठीत आणले आणि ज्याला ऐकावयाचे आहे त्याच्यासाठी दार उघडे केले. त्या भूमीत आपण शिक्षकाचा व्यवसाय करतो. संगणक हे या काळातील विद्येचे साधन आहे. त्याचे दार ज्या प्रकारे अधिक मुलांस उघडेल, तो प्रकार आपण विचारपूर्वक, परीक्षा करून स्वीकारावा, एवढीच माझी विनंती आहे.