टमाटरला काठी, रोप लावतानाच
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मांडणीचा मजकूर)



बचत झाली, कर्जफेडीचं वाचून झालं. आता थोडा वेळ परसबागेवर बोलू या. विषय एकच घेते, उंच वाढणाऱ्या टमाटरला आधार कसा द्यायचा. पुस्तकात टोमॅटो लिहितात, आपल्याकडे टमाटर, काही गावांत भेदरं. मी टमाटरच म्हणते.

पावसाळ्यात घरभेटीला फिरताना बऱ्याच अंगणांत सारखंच दिसलं. झाड कमरेच्या वर वाढलेलं, फळं धरलेली, आणि सगळं चिखलात आडवं. खालची फळं सडलेली, पानांवर करप्याचे काळपट ठिपके. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमच्या मातीत टमाटर होत नाही, बाई." अहो, झालं तर होतं! फळ धरेपर्यंत आलं होतं. त्याला उभं राहायला काही दिलं नाही, एवढंच. पण त्या एका वर्षामुळे कितीतरी जणींनी पुढे टमाटर लावणंच सोडलं. २०२३ च्या जुलैत भाव किलोला शंभराच्या वर गेला होता, आठवतं ना? तेव्हा चिंच टाकून भागवलं आपण. बाजारभाव आपल्या हातात नाही, अंगणातली आठ-दहा झाडं आहेत.

आधी आपलं झाड कोणतं ते बघा. काही वाणं ठेंगणी असतात, गुडघा-मांडीएवढी वाढून थांबतात. त्यांना एक छोटी काठी पुरते. दुसरी उंच जाणारी, शेंडा वाढतच राहतो, पुरुषभर होतात. पुसा रुबी हे जुनं वाण या उंच जातीतलं. बियाणं घेताना दुकानदाराला एवढं विचाराच, "हे उंच जातं की झुडूप राहतं?"

आता काठी कधी? रोप लावतानाच. फार तर पंधरा दिवसांत. फळं लागून झाड वाकल्यावर आपण काठी शोधायला निघतो, तोवर मुळं चहूकडे पसरलेली असतात. काठी ठोकली की मुळं तुटतात, आणि वाकलेली फांदी उचलताना मोडते. खोडापासून चार बोटं सोडून, वारा ज्या बाजूनं जास्त येतो त्या बाजूला काठी रोवा. पाच-साडेपाच फुटांची घ्या, त्यातली फूटभर जमिनीत गेली पाहिजे. आपली काळी माती पावसात लोण्यासारखी होते, वरवर खोचलेली काठी झाडासकट पडते. सब्बलीनं आधी भोक करून घ्या. हे काम घरातल्या पोरांना, बाप्यांना सांगा. एका मावशींनी मला विचारलं होतं, "पोरी, वेळ कुणाकडे आहे?" बरोबर आहे त्यांचं. पण ठोकण्याचं काम एकदाच आहे आणि ते बाईनंच करावं असं काही नाही. पुढे आठवड्याला एकदा बांधणं, दहा झाडांना पंधरा-वीस मिनिटं.

काठी विकत आणू नका. एका गटात लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यांसाठी अंतर्गत कर्ज काढायचा विषय निघाला होता. मी सरळ नाही म्हटलं. दहा झाडांच्या टमाटरसाठी व्याज कशाला भरायचं? बांबूच्या कामट्या असतील तर उत्तम. नसतील तर तुराट्या आहेतच. एकटी तुराटी बारीक पडते, दोन-तीन जुडवून बांधा. बुडाशी ती एका हंगामात कुजते, मग चुलीला लावा. पऱ्हाटी मात्र नको. कपाशीच्या वाळलेल्या झाडांवर, बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. घराजवळ तिचा साठा ठेवू नका असं कृषी विभागवाले दरवर्षी सांगतात, ते यासाठीच.

झाडं एका ओळीत असतील तर प्रत्येकाला काठी नसली तरी चालतं. दोन्ही टोकांना मजबूत खुंट, मध्ये दर दोन-तीन झाडांमागे एक काठी. मग सुतळी झाडांच्या एका बाजूनं न्यायची, दुसऱ्या बाजूनं परत आणायची. झाडं मधोमध उभी राहतात. झाड वीतभर वाढलं की वर दुसरी फेरी.

बांधायला जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या सगळ्यात चांगल्या. नायलॉनची दोरी खोडाला कापते. पट्टी आधी काठीला घट्ट बांधा, मग एक पीळ देऊन खोडाभोवती सैल फासा घ्या, म्हणजे काठी आणि खोड एकमेकांना घासत नाहीत. फाशात आपलं एक बोट सहज फिरलं पाहिजे, खोड पुढे जाड होणार आहे. फुलांच्या घोसाला बांधू नका, पानाच्या देठाखाली बांधा.

उंच वाणात पान आणि खोडाच्या बेचक्यात फुटवे येतात. ते करंगळीएवढे असतानाच, पानं कोरडी झाल्यावर चिमटीनं खुडा. सगळेच नको. पहिल्या घोसाच्या लगेच खालचा एक ठेवा, दोन फांद्या पुरे. ठेंगण्या वाणाचे फुटवे खुडूच नका, फळं तिथेच लागतात. मातीला टेकणारी खालची पानं काढा, कारण पावसाच्या थेंबांनी माती उडते आणि करपा तिथून वर चढतो. पण वरची पानं ओरबाडू नका, उन्हाच्या दिवसांत उघडं फळ भाजून पांढरं पडतं.

आणि हो, खर्रा-तंबाखू खाणाऱ्यानं साबणानं हात धुतल्याशिवाय टमाटरला हात लावायचा नाही. हसू नका. तंबाखूतून येणारा एक विषाणू टमाटरलाही लागतो, पानं चट्टेपट्टे होऊन आकसतात. औषध नाही त्याला, झाड उपटावं लागतं.

ज्यांची झाडं आत्ताच आडवी पडली आहेत त्यांनी ती उपटू नका. एकदम सरळही करू नका, खोड तडकतं. दुपार कलल्यावर झाड जरा नरम असतं, तेव्हा थोडं उचला, काठीला सैल बांधा. दोन दिवसांनी आणखी थोडं. बुडाशी मातीची भर द्या. टमाटरच्या खोडाला माती लागली की तिथेही मुळं फुटतात. सडलेली फळं वेचून लांब पुरा, आणि ओल्या मातीवर सोयाबीनचं कुटार नाहीतर वाळलेलं गवत पसरा. जे घोस अजून हिरवे आहेत ते पिकतील.