बंद फाटक

वसईतल्या एका शाळेची मी मुख्याध्यापिका झाले, तेव्हा दरारा हवा एवढंच मला कळत होतं. साडेसातला फाटक बंद! निर्मळकडचा एक मुलगा नेहमी उशिरा यायचा. तीनदा परत पाठवला. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. महिन्याभराने कळलं, पहाटे सोनचाफा खुडून, आईची करंडी दादरच्या लोकलमध्ये चढवून तो शाळा गाठायचा. वर्गशिक्षकांना ठाऊक होतं. म्हणाले, “बाई, तुम्हाला सांगणार कोण?”

नियम चुकीचा नव्हता हो. पण माझ्यापर्यंत काही पोचायची वाटच मी बुजवली होती.

आणि उदाहरण तर गावातच होतं. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’चे संपादक. हरित वसईच्या चळवळीत बेसुमार पाणीउपसा आणि गुंडगिरी यांविरुद्ध ते ठाम उभे राहिले. धर्मगुरूचा अधिकार होताच. पण अंगात बहुधा साधा झब्बा, बोलण्यात बायबलबरोबर ज्ञानोबा-तुकोबा. त्यामुळे ख्रिस्ती असो की हिंदू, बागायतदाराला ते आपलेच वाटत. २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, तेव्हा सारी वसई हरखली. २०२४ मध्ये ते गेले.

फाटकाची वेळ मी बदलली नाही. किल्ली मात्र स्वतःकडे घेतली. उशीर वहीत मांडायचा, पण आधी कारण विचारायचं. पहिला आठवडा कुणी खरं बोललंच नाही!

त्या मुलाच्या घरीही गेले. आईने मला खुर्ची दिली. “तुम्हीही बसा ना,” म्हटलं, तरी ती उभीच राहिली.