ऊन पाण्याचे झरे



आपल्या वऱ्हाडातला माणूस कोकणात जातो तो बहुधा समुद्र पाहायला. परंतु चिपळूणहून संगमेश्वराकडे जाताना आरवली, तुरळ, राजवाडी ही गावे लागतात. तेथे थोडी वाट वाकडी करावी, अशी माझी विनंती आहे. या गावांत जमिनीतून ऊन पाणी वर येते. दापोली तालुक्यातील उन्हवऱ्यास तर ते ७० अंशांच्या आसपास तापलेले असते. निवविल्यावाचून अंगावर घेता येत नाही. उत्तरेस वज्रेश्वरी-गणेशपुरी, दक्षिणेस राजापूरजवळचे उन्हाळे, आणि मधल्या पट्ट्यात, सह्याद्री व समुद्र यांच्या दरम्यान, अशी कुंडे जणू ओळीने मांडली आहेत.

हे पाणी तापवतो कोण? ‘खाली ज्वालामुखी धुमसत असणार,’ असे उत्तर चटकन मिळते. कोकणचा काळा कातळ लाव्हारसाचा आहे, हे खरे. हरिहरेश्वरास लाटांनी कोरून काढलेला खडकही त्याच रसाचा. पण तो रस वाहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. जी चूल इतक्या काळापूर्वी विझली, तिच्यावर आज पाणी कसे तापेल?

खरे कारण साधे आहे. जमिनीत खोल जावे तसतशी उष्णता वाढते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून फार खोल उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. उष्णता पृथ्वीच्या पोटातली, पाणी मात्र आभाळातले!

यासाठी कोकणच गाठले पाहिजे असेही नाही. आपल्या जिल्ह्याच्या बाजूने वाहणारी पैनगंगा पुढे नांदेड जिल्ह्यात जाते. तेथे तिच्या काठी उनकेश्वराची ऊन पाण्याची कुंडे आहेत. त्वचारोग बरा व्हावा म्हणून तेथे माणसे श्रद्धेने स्नान करतात. त्यांनी ते जरूर करावे. परंतु अंगावर बधिर चट्टा दिसला तर आधी डॉक्टरांना दाखवावा. कुष्ठरोग आज औषधाने पूर्ण बरा होतो. विलंब लागला तर मात्र हातपाय अधू होतात, आणि ते कुंडाला परत देता येत नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आसेगावचाच आहे. आपल्या विहिरी ज्या काळ्या पाषाणात खोदलेल्या आहेत तो कोकणच्या कातळाचा सख्खा भाऊ. अखंड पाषाण पाणी धरीत नाही. पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. म्हणजे तेथला झरा आणि येथली कूपनलिका, दोन्ही पावसाच्याच ठेवीवर चालतात. एकाने बोअर दोनशे फूट नेले म्हणून शेजाऱ्याने तीनशे न्यावे, अशी चढाओढ लागली की ठेव कोणी वाढवीत नाही, काढतात मात्र सगळे. शेताला बांध घालावा, नाला अडवावा, पाऊस मुरू द्यावा. ठेव भरण्याची वाट हीच.

तेव्हा कोकणात जा, कुंडावर बसा, वाफा पाहा, आणि परत येऊन आपल्या विहिरीत एकदा डोकावा.