जुना लॅपटॉप घेताना



विंडोज-10 ची नेहमीची दुरुस्ती-सोय 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. तेव्हापासून पुष्कळजण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवू पाहतात. बदलापूरजवळच्या बेलवलीत काय, आडगावच्या शाळेत काय, अडचण एकच: पेनड्राइव्ह लावला, तरी यंत्र त्यातून सुरू होत नाही. लगेच ‘माल खराब’ म्हणू नका. तीन गोष्टी पाहा.

पहिली, उतरवलेली फाइल पेनड्राइव्हमध्ये नुसती ठेवून भागत नाही. रूफससारख्या साधनाने ती त्यावर लिहावी लागते. दुसरी, यंत्र चालू करताच बहुतेक डेलमध्ये एफ-12, एचपीमध्ये एफ-9 दाबून पेनड्राइव्ह निवडावा. तिसरी, ‘सिक्युअर बूट’ हा पहारेकरी ओळखीच्या सहीवाचून कुणाला आत घेत नाही. सेटिंगमध्ये तो बंद करता येतो.

मात्र त्या सेटिंगलाच आधीच्या मालकाचा पासवर्ड असला, तर हात टेकावे लागतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच सेटिंग उघडून दाखवायला सांगा. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवूनही पाहतो. इथेही तेच करावे.