एकाच कक्षेतील रूपे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तंजावरात मराठी श्रोत्यांसमोर बोलताना व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल यांचे स्मरण ओघानेच होते. आज मात्र मी आपणांस गणिताच्या दालनात नेणार आहे. याच जिल्ह्यातील कुंभकोणम येथे श्रीनिवास रामानुजन लहानाचे मोठे झाले. त्यांच्या नावाचे पारितोषिक येथील शास्त्र विद्यापीठ २००५ पासून देत आले आहे. रामानुजन वयाच्या ३२ व्या वर्षी गेले, म्हणून पारितोषिकाची वयोमर्यादाही ३२ च. पहिल्या वर्षीच्या दोघा मानकऱ्यांपैकी एक होते मंजुल भार्गव. त्यांच्या संशोधनाचा पाया म्हणजे गटाच्या क्रियेने निर्माण होणाऱ्या कक्षा. तोच आजचा विषय.

नाव भारदस्त असले, तरी मूळ कल्पना साधी आहे. ‘क्ष² + य²’ हे रूप घ्या. त्यात ‘क्ष’च्या जागी ‘क्ष + य’ लिहिले की ‘क्ष² + २क्षय + २य²’ मिळते. पेहराव बदलला, परंतु पूर्णांक घातल्यास पहिल्यातून ज्या संख्या निघतात, त्याच दुसऱ्यातूनही निघतात. शिवाय ‘क्ष’च्या जागी ‘क्ष − य’ लिहून मूळ रूपाकडे परतता येते. परतीची वाट असलेल्या अशा सर्व बदलांचा समुदाय म्हणजे गट. ही सारी रूपे जेथे वसतात, ते निरूपण-अवकाश. आणि एका रूपापासून निघून या बदलांच्या योगे जेथे जेथे पोचता येते, ती सर्व रूपे मिळून एक कक्षा.

याउलट ‘क्ष’च्या जागी ‘२क्ष’ लिहिल्यास ‘४क्ष² + य²’ मिळेल. येथून पूर्णांकांच्या आधारे परतता येत नाही. कक्षा सुटली! तिची खूण म्हणजे शाळेत वर्गसमीकरणाच्या निमित्ताने भेटलेला विवेचक. पहिल्या दोन रूपांचा विवेचक −४ आहे, तिसऱ्याचा −१६. कक्षेत कितीही फिरले तरी जी ढळत नाही, तिला अविकारी राशी म्हणतात.

मात्र अविकारी राशी समान असली म्हणजे कक्षा एकच, असे नव्हे. ‘क्ष² + ५य²’ आणि ‘२क्ष² + २क्षय + ३य²’ या दोहोंचा विवेचक −२०. पण पहिल्यातून १ मिळतो, दुसऱ्यातून तो कधीच मिळत नाही. घराणी दोन झाली. तरीही त्यांच्यात नाते आहे. दुसऱ्यातून मिळणाऱ्या कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार पहिल्यातून मिळतो. उदाहरणार्थ, ३ × ७ = २१ = ४² + ५ × १².

अशा गुणाकाराचे एक सूत्र ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये दिले. आपल्या परंपरेत त्यास ‘भावना’ म्हणतात. १८०१ मध्ये गाउसने त्याही पुढे जाऊन कक्षांचाच परस्परांशी संयोग करण्याची रीत सिद्ध केली. ती अवघड होती. कॅनडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या भार्गवांना ब्रह्मगुप्ताचा परिचय झाला तो जयपूरच्या आजोबांच्या, संस्कृत पंडित पुरुषोत्तमलाल भार्गवांच्या, ग्रंथसंग्रहातून. पुढे त्यांनी एका घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ पूर्णांक मांडले. घन तीन दिशांनी कापता येतो. प्रत्येक कापातून एक द्विघाती रूप निघते, तिन्हींचा विवेचक एकच असतो, आणि गाउसची रीत त्यातून सहज उलगडते. अशाच कक्षा मोजून त्यांनी चौथ्या घाताच्या संख्याक्षेत्रांची गणती २००५ मध्ये आणि पाचव्या घाताच्या क्षेत्रांची २०१० मध्ये प्रसिद्ध केली. २०१४ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले.

आजोबांचा संग्रह नुसता कपाटात राहिला असता, तर तो जपला गेला असता, वाढला नसता. नातवाने त्याला नवा प्रश्न विचारला. गणिताने समाजाचे नियम सिद्ध होत नाहीत, हे मी जाणतो. तरीही दूरदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या मराठीत परके शब्द आले म्हणून मी धास्तावत नाही. तंजावरच्या मराठीत तमिळ मिसळली, तरी ती घराघरांत टिकली. परतीची वाट मात्र मोकळी हवी, आणि ती वापरल्यानेच मोकळी राहते.

म्हणून घरी गेल्यावर मुलांना एवढे विचारा: विवेचक −२० च्या त्या दोन रूपांपैकी २३ कोणातून मिळतात आणि २९ कोणातून? उत्तर आपणही शोधा, आणि ते त्यांच्याशी मराठीतून बोला.