मंडळ सर्वांचे राहावे कसे?

शिक्षकांचे एखादे अभ्यासमंडळ निघते, तेव्हा पहिल्या बैठकीला खोली अपुरी पडते. भाषेचे शिक्षक येतात, गणिताचे येतात, शेतीचेही येतात. वर्षाने पाहावे, तर सात-आठ माणसे उरलेली! भांडण काही झालेले नसते. चिटणीस वाङ्मयाचे रसिक, म्हणून दर महिन्याला चर्चा कादंबरीवरच. शेतीचे मास्तर दोनदा येऊन गप्प बसतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. आणि आपण म्हणतो, ‘लोकांना आस्थाच नाही!’

हा प्रश्न जुनाच आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी साहित्य आणि शास्त्र यांच्या चर्चेसाठी एक सभा काढली. चर्चा केवळ इंग्रजीत राहिली, तर इंग्रजी न जाणणाऱ्याने जायचे कुठे? त्या सभेच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा ही मराठी शाखा. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागले. मूळ सभेने तर १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या. दार रुंद केले, तसे कामही वाढले.

आपल्याला काय करता येईल? वर्षारंभी प्रत्येक सभासदाकडून एकेक विषय लिहून घ्यावा आणि पाळीपाळीने तो चर्चेला ठेवावा. बोलणाऱ्याने दुसऱ्या विषयाच्या माणसाला समजेल असे बोलावे. अध्यक्षांनी गप्प बसलेल्याला नाव घेऊन विचारावे, ‘गुरुजी, तुमचा अनुभव काय?’ ज्यांना खोलात शिरायचे आहे, त्यांनी वेगळे बसावे जरूर. पण तीन महिन्यांनी सर्वांपुढे येऊन काय हाती लागले ते सांगावे.

कोणी म्हणेल, अशाने खिचडी होईल. पण बघा, गावची विहीर आटली हा एकच विषय घ्या. भूगोलाचे शिक्षक जमिनीखालचा खडक समजावतील, गणिताचे उपशाचा हिशेब मांडतील, इतिहासाचे ती कोणी व कधी खोदली ते शोधतील, भाषेचे पाण्यासंबंधीचे गावातले शब्द गोळा करतील. शेतीच्या मास्तरांना तर वेळ पुरणार नाही! एकट्या माणसाला दिसली नसती अशी विहीर सर्वांना दिसेल.

पुढच्या बैठकीचा विषय ठरवण्याआधी हजेरीची वही चाळा. कोण यायचे थांबले आहे, ते पाहा. विषय त्यांनाच विचारा.